हाडांच्या राखेची वाटी

पळसखडीत सकाळी सात वाजता अख्ख्या गावाच्या तोंडाला कुजक्या अंड्याचा वास यायचा आणि गावाला त्याचा अभिमान होता. वास गोळीचा होता. गोळी कंपनीची होती. आणि कंपनी आपली आहे, असं गावातला जो तो छाती फुगवून सांगायचा. कंपनीने असं कधी म्हटलं नव्हतं, पण नाहीसुद्धा म्हटलं नव्हतं.

पळसखडी हे गलाईवाल्यांचं गाव. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा धंदा. सांगली जिल्ह्याच्या या कोरड्या कोपऱ्यात आभाळ कधी वेळेवर फिरकलं नाही, म्हणून यांचे आजे-पणजे बाहेर पडले आणि देशभरच्या सराफ बाजारांच्या मागच्या बोळांत भट्ट्या मांडून बसले. गाव दिसायचं ते यात्रेपुरतं. मग वीस-पंचवीस वर्षांपूर्वी छतांवर बसवलेली सौर पॅनेलं म्हातारी झाली आणि देशभर त्यांचे डोंगर साचले. एकेका पॅनेलमध्ये चिमूटभर चांदी. ती काढायला ‘चंद्रकोर धातू’ने गावाच्या माळावरच कारखाना घातला आणि गलाईवाल्यांना हाका मारून घरी आणलं. पाऊणशे वर्षं परमुलखात काढलेल्या माणसांना स्वतःच्या अंगणात झोपायला मिळालं. अशी माणसं फार प्रश्न विचारत नाहीत.

जालिंदर साळुंखेनेही विचारले नव्हते. वय पंचावन्न, चाळीस वर्षं भट्टीसमोर, त्यातली बहुतेक सेलमला. आता कंपनीचा मुख्य भट्टीवाला. बाकी यंत्रं किती का शहाणी होईनात, शेवटचा डाव जालिंदरचाच. पॅनेलचा चुरा वितळलेल्या शिशात घालायचा, शिसं चांदी पकडतं, सोबत घाणही पकडतं. मग तो गोळा हाडांच्या राखेपासून बनवलेल्या वाटीत ठेवायचा आणि वरून हवा फुंकायची. शिसं घाणीला घेऊन वाटीत मुरत जातं आणि वर चांदी उरते. शेवटचा थेंब मुरला की चांदीवरून लख्खकन एक उजेड फिरतो. त्याला गलाईवाले चमक मारली म्हणतात. चमक मारली की भट्टी बंद. त्याच्यापुढे तपासणी नाही. चार पिढ्यांत कुणी केली नव्हती.

आणि इथेच ही माणसं फसली. कारण कंपनीने त्यांच्या मनगटावर जो बँड बांधला होता, तोही चमक मारायचा. कातडीवरूनच रक्तातलं शिसं मोजायचा. रक्तात ठरल्या रेषेपेक्षा जास्त शिसं असलेल्या माणसाला आत घ्यायचं नाही असा कायदा झाला होता. बँड हिरवा असला तर गेट आपोआप उघडे, लाल असला तर माणूस घरी. पहिल्या वर्षी निम्मं गाव लाल झालं. मग कंपनीने गोळी आणली. दोन कुजक्या वासाच्या गोळ्या आणि वर जीवनसत्त्वांची एक नारिंगी. महिन्याभरात गाव हिरवंगार. चमक मारली, विषय संपला.

जालिंदरने आपली एकुलती एक मुलगी ईश्वरी तिथेच लावली होती. रसायनशास्त्राचा डिप्लोमा झालेली, हुशार. तिला नमुना विभागात घेतलं, जिथे वापरलेल्या वाट्या दळून तपासत. पहिल्या आठवड्यात ती घरी येऊन म्हणाली होती, “आण्णा, लई धूळ असती तिथं. नाकात काळं येतंय.”

“बँड हिरवा हाय नव्हं?” जालिंदर म्हणाला होता. “मग भ्यायचं कशापायी?”

चार वर्षं ती भ्याली नाही.

*

पहिल्या बाळंतपणाला ईश्वरी माहेरी आली होती. सातवा महिना चालू होता. गरोदर बाईला गोळी द्यायची नाही आणि गोळीशिवाय कामावर घ्यायचं नाही, असा कंपनीचा नियम, त्यामुळे चार महिने तिने कारखान्याचं तोंड पाहिलं नव्हतं. बँड तेवढा हातात राहिला होता, घड्याळ म्हणून.

त्या दिवशी ती आईबरोबर सोप्यात शेंगा फोडत बसली होती. बँड थरथरला आणि लाल झाला.

“बिघडलं वाटतं,” वनिता म्हणाली. तिने लेकीचा हात धरून बँड पदराने पुसला. तो लालच राहिला. संध्याकाळपर्यंत आकडा आणखी वर गेला होता.

मिरजेच्या दवाखान्यात डॉ. नाझनीन मुजावर म्हणून विषबाधेच्या डॉक्टर होत्या. त्यांनी रक्त काढलं, आणि घरात रंगकाम झालं का, सुरमा-काजळ कुठलं, हळद सुटी घेता का, हजार गोष्टी विचारल्या. मग जालिंदरच्या हिरव्या बँडकडे त्यांचं लक्ष गेलं.

“तुम्ही बसा इथे. पँट गुडघ्यापर्यंत वर करा.”

“मला काय झालंय? मी हिरवा हाय.”

“म्हणूनच बसा.”

त्यांनी टॉर्चएवढं एक यंत्र त्याच्या नडगीवर धरलं. क्ष-किरणांची बारीक तिरीप हाडात जाते आणि तिथलं शिसं आपली ओळख सांगतं, एवढंच त्यांनी सांगितलं. तीन मिनिटांनी पडद्यावर आकडा आला. डॉक्टरबाईंनी तो पाहिला, यंत्र पुसलं आणि पुन्हा धरलं. तोच आकडा.

“शिसं कॅल्शियमचं सोंग घेतं,” त्या म्हणाल्या. “शरीर फसतं आणि त्याला हाडात नेऊन ठेवतं. तिथे ते वीस-तीस वर्षं बसतं. तुमची गोळी असते ना, तिला चिलेटर म्हणतात. खेकड्याची नांगी समजा. रक्तातलं शिसं नांगीत धरते आणि लघवीवाटे बाहेर नेते. पण हाडात तिचा हात फारसा पोचत नाही. हौद उपसला तरी विहीर भरलेलीच. दोन-तीन आठवड्यांत हौद पुन्हा भरतो.”

“आनि ती नारिंगी?”

“क आणि ई जीवनसत्त्व. शिसं पेशींत जाळ करतं, तो जाळ कमी करायला त्यांची मदत होते. निखारा मात्र ती उचलत नाहीत. औषधं वाईट नाहीत हो. मी स्वतः देते. पण आधी माणसाला शिशातून बाहेर काढायचं आणि मग द्यायचं. शिशाच्या धुळीत उभं राहून ही गोळी घेतली तर पोटातून उलट जास्त शिसं आत शोषलं जाऊ शकतं.” त्यांचा आवाज चढला होता. “तुम्हाला ती रोज गेटवर देतात? रोज?”

“पर माझी लेक तर चार म्हैने घरात हाय.”

डॉक्टरबाई ईश्वरीकडे वळल्या. “विहीर वडिलांइतकी भरलेली नव्हती, म्हणून बँड इतके महिने हिरवा राहिला. पण आता बाळाला हाडं बनवायची आहेत. कॅल्शियम कुठून आणणार? आईच्या हाडातून. हाड झिजलं की त्यातलं शिसंही सुटतं. रक्तात येतं, आणि नाळेतून…” त्या थांबल्या. पुढचं ईश्वरीला कळलं होतं. तिने दोन्ही हात पोटावर ठेवले होते.

जालिंदर आपल्या उघड्या नडगीकडे बघत होता. वाटीत शिसं मुरतं. वर चांदी चकाकते. चाळीस वर्षं तो हेच करत आला होता, आणि वाटी कशाची असते ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

“वाटी,” तो म्हणाला. “वाटी केली हो आमची.”

*

“ईश्वरी आमचीच मुलगी आहे,” मिरजेचे कागद पुढे ठेवून बसलेल्या जालिंदरला कंपनीचे व्यवस्थापक रणनवरे म्हणाले. शेजारी कंपनीचे डॉ. खर्डेकर पेनचं टोपण उघडझाप करत बसले होते. “पुण्याला सगळ्यात चांगल्या ठिकाणी बाळंतपण करू. बाळाचं सगळं औषधपाणी कंपनी बघेल, ते अठरा वर्षांचं होईपर्यंत. तुम्ही फक्त एवढी माहिती भरून द्या.”

माहिती एका पानाची होती. ईश्वरी साळुंखे हिचं बालपण सेलम येथे वडिलांच्या गलाई दुकानावरच्या खोलीत गेलं असून तिच्या हाडांतील शिसं त्या काळातील आहे. खाली सहीची जागा.

“हे खोटं हाय.”

“खोटं काय आहे त्यात?” रणनवरेंनी मऊ आवाजात विचारलं. “तुम्ही दुकानावर राहत नव्हता?”

जालिंदरला सेलमचं घर आठवलं. खाली भट्टी, वर खोली, खोलीत पाळणा. पाळण्याच्या दोरीवर वनिता त्याचा भट्टीवरचा सदरा वाळत घालायची. पोर सात वर्षांची झाल्यावर शाळेसाठी तिला गावी आत्याकडे ठेवलं, तोवर ती त्या खोलीतच रांगली, चालली, बोलली. चोराच्या उलट्या बोंबा असतात हे त्याला माहीत होतं. पण इथला चोर जे ओरडत होता त्यात थोडं खरं होतं, आणि हरामखोराला ते पुरतं ठाऊक होतं.

तो पान घेऊन उठला. सही केली नाही, फाडलंही नाही. त्या न फाडण्याची लाज त्याला पुढे बरेच दिवस पुरली.

मिरजेच्या डॉक्टरबाईंनी ते पान वाचलं आणि त्या हसल्या, पण हसू चांगलं नव्हतं. “शिशाला ओळखता येतं, साळुंखे. शिसं म्हणजे चार भाऊ, वजनात जरासा फरक असलेले. प्रत्येक खाणीत चौघांचं प्रमाण वेगळं. कंपनीचं शिसं परदेशातून येतं, तुमचं सेलमचं इथल्या जुन्या खाणीतलं असणार. ईश्वरीच्या रक्तात आज हाडातलंच शिसं आहे. त्यात कुणाचं किती, ते सांगता येईल. फक्त सेलमचं शिसं कसं होतं त्याचा नमुना हवा. तिच्या लहानपणचं काही आहे? दुधाचा दात वगैरे?”

“न्हाई,” जालिंदर पटकन म्हणाला. “दात कोन ठेवतंय? कवलावर फेकला.”

ईश्वरीने बापाकडे पाहिलं.

घरी आल्यावर ती सरळ देव्हाऱ्याशी गेली. टाकांच्या मागे बोटाच्या पेराएवढी एक चांदीची पेटी होती. लेकीचा पहिला दात पडला तेव्हा जालिंदरने स्वतःच्या भट्टीतल्या चांदीची ती घडवली होती, आणि दर दसऱ्याला ती चिंचेने घासूनही तोच ठेवायचा.

“कवलावर फेकला व्हय?” ईश्वरी म्हणाली.

“ईसरलो.”

“ईसरला न्हाईत. आण्णा, तुम्हाला कंपनी धरायचीय का स्वतःला वाचवायचंय? एक काय ते ठरवा.”

“आगं, त्यात माझंच शिसं निघालं तर?” जालिंदर ओरडला. आवाज फाटला. “मग ती मोकळी सुटत्याल! आनि तू मला काय म्हनशील?”

“जे म्हणायचं ते म्हणंन. पण माझ्या पोटातल्या लेकराला कुणी विष घातलं ते मला कळाय पायजे. तुमचं तोंड राखायला मी ते झाकून ठेवू?”

वनिता चुलीपाशी पाठ करून उभी होती. ती न वळता म्हणाली, “द्या तिला. पाळन्यावर सदरा मी टाकत हुते. माझंबी निघू दे काय निघायचं ते.”

जालिंदरने पेटी स्वतःच्या हाताने उघडून दिली.

*

निकाल यायला दहा दिवस लागले. दात आम्लात विरघळवावा लागला, पेटी तेवढी परत आली. दातात शिसं होतं, सेलमचं. ईश्वरीच्या आजच्या रक्तातल्या शिशाचे चार वाटे केले तर एक सेलमचा होता आणि तीन कंपनीचे.

जालिंदरने मनात देवाला शून्य मागितलं होतं. देवाने चौथाई दिली.

ईश्वरी त्या दिवसापासून त्याच्याशी बोलली नाही. ताट वाढून ठेवायची आणि आत जायची. डॉक्टरबाईंनी तिला कॅल्शियम, लोह, जीवनसत्त्वं दिली होती. चिलेटर बाळंतपणानंतर, दवाखान्यात ठेवून. तोवर दुसरा उपाय नव्हता. ती दिवसातून तीनदा दूध प्यायची, औषध प्यावं तशी, नाक मुरडून आणि शेवटचा थेंब न सोडता. ते बघून जालिंदरचा संताप व्हायचा. आधी स्वतःचा, मग रणनवरेचा, आणि सगळ्यात जास्त त्या खर्डेकरचा. रणनवरेला धंदा कळत होता, पण खर्डेकर डॉक्टर होता. त्याला गोळीची विद्या पाठ होती आणि तरी तो रोज सकाळी गेटवर उभा राहून लोकांच्या तळहातावर ती ठेवत होता.

रविवारी सकाळी तालमीच्या कट्ट्यावर भट्टीवाले जमले. जालिंदरने पिशवीतून दोन वाट्या काढल्या. एक कोरी, पांढरी. एक वापरलेली, पिवळट.

“हातात घ्या. फिरवा.”

वाट्या फिरल्या. वापरलेली हातात घेतली की प्रत्येकाचा हात जरा खाली जायचा. सगळ्यांना वजन माहीत होतं, पण आज ते नव्यानं तोलत होते.

“चांदीनं चमक मारली म्हून शिसं संपलं का? ते हितं बसलंय. आनि बँडनं चमक मारली म्हून आपलं संपलं का? माझी नडगी मोजली मिरजंत. ही वाटी हाय माझी नडगी.” मग त्याने निकालाचा कागद उघडला आणि आधी खालची ओळ वाचली. “चौथाई माझी हाय. माझ्या लेकीला मीबी घातलंय. भट्टीवर पाळना टांगला, मला अक्कल न्हवती. त्यांना हाय. अक्कल असून त्यांनी तीन वाटं घातलं.”

सर्जेराव यादव हा भट्टीवाल्यांतला सगळ्यात जुना. तो जालिंदरला म्हणाला, “तात्या, तुझं पटतंय. पर गोळी सोडली तर बँड लाल हुनार. लाल झाला की घरी.”

“व्हय. एकानं सोडली तर एक घरी.” जालिंदरने वाटी परत घेतली. “समद्यांनी सोडली तर?”

सर्जेरावची दोन्ही पोरं, सुना, सगळे कंपनीतच होते. थोरल्या सुनेचे दोन गर्भ गेले होते आणि त्यासाठी घरच्यांनी एका देवऋष्याला कोंबडं दिलं होतं. तो बसल्या जागी हिशेब लावत असावा. मग त्याने खिशातून सुटीच्या दिवसासाठी काल गेटवर दिलेल्या गोळ्या काढल्या, कट्ट्याखालच्या गटारात टाकल्या आणि कुणाकडेही न बघता घरी गेला.

*

पुढचे पंधरा दिवस पळसखडीने गोळी गालात धरली आणि गेट ओलांडल्यावर थुंकली. गावाच्या तोंडाचा वास हळूहळू गेला. हाडांनी आपलं काम चोख केलं. आधी जुने भट्टीवाले लाल झाले, मग दळणावरच्या बायका. सोमवारी सकाळी चारशे बारा माणसं गेटसमोर ओळीने उभी होती. एकेकाने मनगट यंत्रापुढे धरलं. गेट उघडलं नाही. ते यंत्र कंपनीनंच बसवलं होतं, कायदा पाळण्याबद्दल तिला बक्षीसही मिळालं होतं.

रणनवरे धावत आले. मागे खर्डेकर, हातात गोळ्यांचा डबा.

“हा काय पोरखेळ आहे? आत भट्ट्या पेटल्यात! आजच्या दिवस गेट हाताने उघडतो, चला.”

“आसं कसं, साहेब?” जालिंदर म्हणाला. “लाल मानसानं आत जायचं न्हाई. तुमचीच पाटी हाय, ही बघा. कायदा मोडू नका.”

“तात्या, तुम्ही आजारी आहात,” खर्डेकर म्हणाले. “गोळी घ्या. दोन दिवसांत सगळे हिरवे होतील.”

“आजारी कालबी हुतो, डाक्टर. आज दिसाय लागलो.” जालिंदर त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला. “तुमी शिकलेलं मानूस. ही गोळी धुळीत द्यायची नसती, ठावं हुतं का न्हाई? व्हय का न्हाई, येवढंच बोला.”

खर्डेकरने डबा बंद केला. चारशे बारा माणसांनी ते पाहिलं.

“धूळ वढायची यंत्रं बसवा,” जालिंदर रणनवरेंना म्हणाला. “दर सा म्हैन्याला हाड मोजा, रगात न्हाई. ज्याचं हाड भरलंय त्याला पगारी घरी ठिवा, आनि गोळी दवाखान्यात द्या. तवर हे दार असंच राहील. आमी बंद केलं न्हाई. तुमच्या बँडानं केलंय.”

रणनवरे म्हणाले ते कंपनीचे लोक नेहमी म्हणतात तेच होतं. विचार करू, वर कळवू, गाव उपाशी मरेल, बाहेरून माणसं आणू. बाहेरून माणसं आणणं सोपं नव्हतं, कारण देशभरात चमक ओळखणारी जी माणसं होती, ती सगळी इथल्याच आसपासच्या चार गावांतली होती.

*

अकराव्या दिवशी, गेट बंदच आणि गाव पाळीपाळीने त्याच्यासमोर बसलेलं असताना ईश्वरी मिरजेत बाळंत झाली. मुलगी. नाळेच्या रक्तात शिसं होतं, भीती होती तेवढं नाही, नसावं तेवढं मात्र नक्की. डॉक्टरबाईंनी काही लपवलं नाही. पोर नीट वाढेल, कदाचित. शाळेत मागे पडेल, कदाचित. दर तीन महिन्यांनी बघत राहायचं.

जालिंदर दाराशी उभा होता. आत यावं की नाही ते त्याला कळत नव्हतं.

“आण्णा,” ईश्वरी म्हणाली. दीड महिन्यात पहिल्यांदा. “पेटी कुठाय?”

त्याने खिशातून पेटी काढली. तिने ती उघडून पाहिली. रिकामी होती.

“डॉक्टर म्हणत्यात, दुधाच्या दातात एक रेघ असती. जन्माच्या दिवशी पडती. रेघेच्या अलीकडं आईच्या पोटातलं, पलीकडं बाहेरचं. हिचे दात आत्ताच बनाय लागल्यात, हिरडीत.” तिने पेटी बंद करून त्याच्या हातात परत दिली. “अलीकडचं आता बदलत न्हाई. ते तुमचं, माझं, त्यांचं, काय असंल ते असंल. सहा-सात वर्षांनी हिचा पहिला दात पडंल. तो या पेटीत घालून मिरजेला तुम्हीच आणायचा. आणि रेघेच्या पलीकडं शिसं दिसलं, तर मी तुमचं तोंड बघणार न्हाई.”

“बरं,” जालिंदर म्हणाला.

“नुसतं बरं न्हाई.”

“दिसनार न्हाई,” तो म्हणाला.

वनिताने बाळ त्याच्यापुढे धरलं. त्याने हात पुढे केले, मग आपल्या सदऱ्याकडे बघितलं. धुतलेला होता, भट्टीवर कधी न नेलेला. तरी त्याने तो काढला, घडी करून बाकावर ठेवला आणि बनियनवर पोरीला घेतलं.

थोड्या वेळाने त्याने तिला आईपाशी दिलं, सदरा चढवला आणि पेटी खिशात टाकली. मिरज स्टँडवर गावाकडे जाणारी विट्याची गाडी लागली होती. गेटसमोर बसायची त्याची पाळी दुपारी दोनला होती आणि त्याला उशीर करायचा नव्हता.